सबप्रोसेस मारायची कशी: सुरू करण्यापासून निकाल उचलण्यापर्यंतचा क्रम

प्रोग्राममधून बाहेरची एखादी कमांड चालवली, ती अडकली, वेळ संपल्यावर तिला किल केलं. कोडच्या लेखी काम झालं. तासाभराने सर्व्हरवर टॉप लावून पाहावं, तर तीच कमांड अजून सीपीयू खात बसलेली असते, नाहीतर यादीत ‘डिफंक्ट’ लिहिलेल्या ओळींची रांग लागलेली असते. किल बोलावलं की प्रोसेस मेली, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. किल फक्त सिग्नल, म्हणजे प्रोसेसला दिलेला एक छोटा संदेश, टाकतं. तो सिग्नल कोणाला मिळाला, मिळाल्यावर त्या प्रोसेसने काय केलं, तिची पोरं (तिने सुरू केलेल्या प्रोसेस) कुठे गेली आणि तिचा निकाल कोणी उचलला, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं प्रोसेस सुरू करतानाच ठरून जातात. म्हणून या लेखात मारण्याचा टप्पा बराच उशिरा येतो.

उदाहरणं पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलची आणि लिनक्सवरची आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये स्पेलिंग नेहमीचंच. विंडोज आणि इतर भाषांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

## तयारी: कोणाला मारतोय ते आधी पाहा

जी कमांड चालवणार आहात ती आधी हाताने टर्मिनलमध्ये चालवा. दुसऱ्या खिडकीत पीएस-ट्री लावा, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दाखवण्याच्या पर्यायासह. ती एकटी दिसते की तिच्याखाली झाड दिसतं? व्हिडिओ रेकॉर्ड आणि रूपांतर करणारं एफएफएमपेग एकच प्रोसेस असते, आत थ्रेड कितीही असोत. हेडलेस (खिडकी न उघडता चालणारं) क्रोम सुरू केलं की रेंडरर, जीपीयू वगैरे मिळून पाच-सात प्रोसेस सहज उभ्या राहतात. लिबरऑफिसची ‘सॉफिस’ ही कमांड तर नुसतं आवरण आहे. खरं काम ‘सॉफिस डॉट बिन’ नावाची वेगळी प्रोसेस करते.

मग तीन गोष्टी कागदावर लिहा:

1. ही कमांड कशाने नीट थांबते? सिगटर्मने (थांबण्याची विनंती), सिगइंटने (कंट्रोल-सीचा सिग्नल), की तिची स्वतःची काही पद्धत आहे? एफएफएमपेग स्टँडर्ड इनपुटवर ‘क्यू’ हे अक्षर मिळालं तरी थांबतं.
2. नीट थांबायला तिला जास्तीत जास्त किती वेळ लागतो?
3. मध्येच मारली तर डिस्कवर काय अर्धवट राहतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल तर तुम्ही सुटलात. पुढचा निम्मा लेख चाळून सोडला तरी चालेल.

आता चाचणीसाठी एक हट्टी प्रोसेस तयार करा. तीन ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. पहिल्या ओळीत ट्रॅप वापरून टर्म सिग्नलकडे दुर्लक्ष करायला सांगा, दुसरीत ‘स्लीप १०००’ ॲम्परसँड लावून मागे सोडा, तिसरीत वेट लिहा. दुर्लक्षित केलेला सिग्नल पोराकडेही वारशाने जातो. त्यामुळे इथे स्क्रिप्ट आणि स्लीप दोघंही सिगटर्मला दाद देत नाहीत. तुमचा कोड या स्क्रिप्टला पुरा पडला तर बहुतेक सगळ्यांना पुरा पडेल. स्वतःहून सभ्यपणे मरणाऱ्या कमांडवर चाचणी घेतली तर काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा १: सुरू करतानाच दोर हातात ठेवा

शेल टाळा. शेल-इक्वल्स-ट्रू दिलं की पायथन आधी एसएच सुरू करतं आणि एसएच तुमची कमांड चालवतो. तुमच्या हाती येणारा पीआयडी त्या एसएचचा असतो. त्याला मारलं की मधला माणूस जातो आणि खरी कमांड अनाथ होऊन चालू राहते.

यातली खोच अशी की ही चूक लगेच दिसत नाही. एकटीच साधी कमांड असेल तर आजचे बरेच शेल नवीन प्रोसेस न काढता स्वतःच्याच जागी ती कमांड चढवतात. मग पीआयडी खऱ्या कमांडचाच ठरतो आणि किल बिनबोभाट चालतं. मी एकदा यावर दोन दिवस घालवले आहेत. कोड कित्येक महिने ठीक चालला होता. मग कोणीतरी लॉग ठेवण्यासाठी कमांडच्या शेवटी पाइप टाकून ‘टी’ (आउटपुट फाइलमध्येही उतरवणारी कमांड) जोडलं. बदल एवढाच. पाइप आल्यावर शेलला मागे थांबणं भाग पडलं, पीआयडी शेलचा झाला आणि त्या दिवसापासून टाइमआउट झालेली प्रत्येक प्रोसेस मागे उरू लागली. किलच्या ओळीला कोणी हातही लावला नव्हता, त्यामुळे तिकडे कोणाची नजर गेली नाही.

म्हणून कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट यादीच्या रूपात द्या. पाइपची गरजच असेल तर शेल वापरा, पण पुढची सूचना मग सक्तीची समजा.

वेगळा गट द्या. पायथनमध्ये प्रोसेस सुरू करणाऱ्या पॉपेनला स्टार्ट-न्यू-सेशन हा पर्याय ट्रू द्या. त्यामुळे पोर स्वतःच्या नव्या सेशनचा आणि नव्या प्रोसेस-गटाचा म्होरक्या होतं. त्याची पुढची पोरंही त्याच गटात जन्मतात. गटाचा क्रमांक म्होरक्याच्या पीआयडीइतकाच असतो. पायथन ३.११ पासून प्रोसेस-ग्रुप नावाचा पर्यायही आहे, तो शून्य दिला तर सेशन न बदलता फक्त गट वेगळा होतो. जुन्या उत्तरांमध्ये प्रीएक्झेक-एफएन मध्ये सेटसिड (नवं सेशन काढणारं फंक्शन) बोलावलेलं आढळतं. थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये ते अडकू शकतं, नव्या कोडमध्ये नको.

गटाचा क्रमांक तिथेच साठवा. पॉपेन परतल्याबरोबर पीआयडी एका व्हेरिएबलमध्ये ‘गट’ म्हणून ठेवा. मारायच्या वेळी गेट-पीजीआयडीने विचारू, असं करू नका. म्होरक्या तोवर मेलेला आणि उचललेला असला तर ‘अशी प्रोसेस नाही’ हा एरर येतो, गटातली बाकीची मंडळी जिवंत असली तरीही.

इनपुट बंद करा. स्टँडर्ड इनपुटला डेव्हनल (कायम रिकामी असलेली फाइल) द्या. नाहीतर एफएफएमपेगसारखी कमांड तुमच्या टर्मिनलवरून कळा वाचायला जाते. ‘क्यू’ पाठवून थांबवायचं ठरवलं असेल तर मात्र इनपुटला पाइप द्यावा लागेल. दोन्हींपैकी एक निवडा.

आउटपुट शक्यतो फाइलमध्ये सोडा. लिनक्सवर पाइपची साठवण साधारण ६४ केबी असते. आउटपुटला पाइप दिला, तो कोणी वाचत नाही आणि तुम्ही नुसतं वेट करत बसलात, तर पाइप भरताच पोर लिहिता लिहिता थांबतं. ते तुमची वाट पाहतं, तुम्ही त्याची. ‘अडकलेली’ म्हणून ज्या प्रोसेस मारल्या जातात त्यांतल्या कितीतरी अशाच आपणच अडकवलेल्या असतात.

> तपासा: पीएसला पीआयडी, पीपीआयडी (पालकाचा क्रमांक), पीजीआयडी (गटाचा क्रमांक), स्टॅट (स्थिती) आणि कमांड हे रकाने मागा. पोराचा पीजीआयडी आणि तुमच्या प्रोग्रामचा पीजीआयडी वेगळे दिसले पाहिजेत. सारखे असतील तर पुढे जाऊ नका. गटावर सिग्नल टाकाल तेव्हा स्वतःचाच प्रोग्राम माराल.

हा इशारा गमतीने दिलेला नाही. स्टार्ट-न्यू-सेशन विसरून किल-पीजी (अख्ख्या गटाला सिग्नल देणारं फंक्शन) चालवलं की प्रोग्राम एकही ओळ न छापता नाहीसा होतो, आणि माणूस एक्सेप्शन शोधत बसतो.

## टप्पा २: आधी विनंती, आणि ती एकदाच

सिगटर्मचा क्रमांक १५, सिगकिलचा ९. पहिला पकडता येतो, त्यामुळे कमांडला आवरायची संधी मिळते. दुसरा पकडता येत नाही, थोपवताही येत नाही. थेट ९ मारायची सवय बऱ्याच जणांना असते, कारण तो ‘नक्की लागतो’.

नुकसान काय ते एमपी४ वर पाहा. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते आणि एफएफएमपेग ती रेकॉर्डिंग संपल्यावर लिहितं. सिगटर्म दिला तर ते चालू फ्रेम पुरी करून, सूची लिहून, फाइल बंद करून बाहेर पडतं. सिगकिल दिला तर दोन तासांचं रेकॉर्डिंग डिस्कवर असतं, साइझही भरघोस दिसते, पण कुठलाच प्लेअर ती फाइल उघडत नाही. ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ हा संदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सिगटर्म कोणाला पाठवायचा? साधा नियम: कमांड शेलमधून किंवा आवरण-स्क्रिप्टमधून चालत असेल तर किल-पीजी वापरून अख्ख्या गटाला पाठवा. कमांड स्वतःच्या पोरांची काळजी स्वतः घेणारी असेल, म्हणजे डेटाबेस सर्व्हर किंवा ब्राउझर, तर विनंती फक्त म्होरक्याला करा. पोरांना कसं आणि कोणत्या क्रमाने बंद करायचं ते त्याला ठाऊक असतं. सगळ्यांना एकदम सांगितलं तर तो क्रम बिघडतो.

सावधान: विनंती लूपमध्ये घालू नका. दर सेकंदाला सिगटर्म टाकणारा कोड मी पाहिला आहे, हेतू चांगलाच होता. एफएफएमपेग मोजून असतं. तीनपेक्षा जास्त सिग्नल आले की ते ‘हार्ड एक्झिटिंग’ म्हणत काम अर्धवट टाकून निघतं. म्हणजे सभ्य सिग्नल चारदा दिला की परिणाम ९ नंबरसारखाच.

आणखी एक अडचण थांबवलेल्या प्रोसेसची. पीएसच्या स्टॅट रकान्यात ‘टी’ दिसत असेल तर प्रोसेस गोठलेली आहे. सिगटर्म तिच्यापर्यंत पोचतो पण ती जागी होईपर्यंत पडून राहतो. अशा वेळी सिगटर्मच्या पाठोपाठ सिगकाँट, म्हणजे पुन्हा चालू होण्याचा सिग्नल, द्या. सिगकिलला याची गरज पडत नाही.

## टप्पा ३: मुदत ठरवा, अंदाजे पाच सेकंद नकोत

विनंतीनंतर वेटला टाइमआउट देऊन थांबा. त्या अवधीत मेली तर ठीक, नाहीतर टाइमआउट-एक्स्पायर्ड हे एक्सेप्शन येईल आणि तुम्ही पुढच्या टप्प्यावर जाल.

मुदतीचा आकडा तयारीतल्या दुसऱ्या प्रश्नातून यायला हवा. पुन्हा एफएफएमपेगचंच उदाहरण. वेबसाठी व्हिडिओ बनवताना फास्टस्टार्ट हा पर्याय लावला असेल तर शेवटी सूची फाइलच्या सुरुवातीला न्यायची म्हणून ते जवळजवळ सगळी फाइल पुन्हा सरकवतं. छोट्या क्लिपला हे जाणवत नाही. कित्येक जीबीच्या फाइलला, त्यातून डिस्क संथ असेल तर, पाच सेकंद काहीच नाहीत. फाइल नीट बंद होत असतानाच तुम्ही तिला ९ मारता आणि मग दोष एफएफएमपेगला देता.

बाहेरच्या मुदतींचाही हिशोब धरा. तुमचा प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) असेल तर डॉकर स्टॉप सिगटर्म देऊन मुळात १० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल देतं. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची नेहमीची मुदत ३० सेकंद, लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीची ९०. तुम्ही पोराला २० सेकंद दिलेत आणि डॉकरने तुम्हाला १०, तर तुमचा आवरण्याचा कोड मध्यावरच कापला जाणार. आतली मुदत बाहेरच्या मुदतीपेक्षा कमी हवी, नाहीतर बाहेरची वाढवून घ्या.

वाट पाहण्याचा कोड स्वतः लिहीत असाल तर घड्याळ मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच सरकणारं, घ्या. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सिंक होताना मागेपुढे सरकते, आणि तेवढ्यात मुदत संपते किंवा संपतच नाही.

> तपासा: हट्टी स्क्रिप्टवर मुदत पुरती संपेपर्यंत थांबता का? आणि साध्या ‘स्लीप’वर लगेच परतता का? दोन्हीकडे सारखाच वेळ लागत असेल तर तुम्ही वेटऐवजी नुसतं झोपताय.

## टप्पा ४: आता ९, आणि तो गटाला

मुदत संपली की किल-पीजी, साठवलेला गट क्रमांक आणि सिगकिल. पॉपेनच्या किल या मेथडवर इथे थांबू नका, ती फक्त म्होरक्याला मारते.

म्होरक्या विनंतीवरच मेला असेल तरीही गटावर एकदा सिगकिल टाकाच. तो गेल्यावर मागे राहिलेली पोरं याच झाडूने निघतात. गटात कोणीच उरलेलं नसेल तर प्रोसेस-लुकअप-एरर येईल. तो गिळा, आपल्याला हवं तेच झालेलं असतं.

पीआयडीचे क्रमांक पुन्हा वापरले जातात, ही भीती इथे कितपत खरी? म्होरक्या मेला तरी त्याच्या गटात कोणी जिवंत असेपर्यंत कर्नल तो क्रमांक दुसऱ्याला देत नाही. गट पूर्ण रिकामा होऊन म्होरक्याही उचलला गेला असेल तर मात्र क्रमांक मोकळा होतो. वेट आणि किल-पीजी लागोपाठ असतील तर ही फट फार बारीक असते. खरा धोका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यावर किल मारणाऱ्यांना आहे. तिथे क्रमांक तोच आणि प्रोसेस भलतीच, असं होऊ शकतं. लिनक्स ५.३ पासून पीआयडी-एफडी आहे, ते क्रमांकाऐवजी त्या विशिष्ट प्रोसेसलाच धरून ठेवतं. पायथन ३.९ मध्ये ते वापरता येतं.

सावधान: साध्या किलला पीआयडी म्हणून शून्य गेलं तर सिग्नल तुमच्याच गटाला जातो. उणे एक गेलं तर तुम्हाला परवानगी आहे त्या झाडून सगळ्या प्रोसेसना. व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत शून्य किंवा उणे एक ठेवायची सवय असेल तर ती इथे मोडा.

## टप्पा ५: निकाल उचला, पाइप मोकळे करा

मेलेली प्रोसेस तिच्या पालकाने वेट करून निकाल उचलेपर्यंत यादीत राहते. स्टॅटमध्ये ‘झेड’, नावापुढे डिफंक्ट. हिलाच झोंबी म्हणतात. ती रॅम खात नाही, सीपीयू खात नाही, पण प्रोसेस-टेबलमधली जागा अडवते. शेकड्यांनी साठल्या की एक दिवस नवीन प्रोसेस काढताच येत नाही. झोंबीला ९ मारणारे लोक आहेत. मेलेल्याला काय मारणार! सिगकिलनंतर वेट बोलावणं हाच उपाय.

सिग्नल शून्य पाठवून ‘जिवंत आहे का’ हे पाहण्याची युक्ती इथे फसवते. झोंबीसाठीही तिचं उत्तर ‘आहे’ असंच येतं.

आउटपुटला पाइप दिला असेल तर वेटऐवजी कम्युनिकेट वापरायचं, ते पाइप वाचत वाचत वाट पाहतं. त्यातही दोन खड्डे. पहिला, कम्युनिकेटला टाइमआउट दिला आणि तो संपला तरी ते पोराला मारत नाही. मारायचं तुम्ही आणि मग कम्युनिकेट पुन्हा बोलवायचं. दुसरा जास्त त्रासाचा. म्होरक्या मेला, पण नातवाच्या हातात पाइपचं लिहायचं टोक अजून आहे. मग पाइप बंद होत नाही आणि कम्युनिकेट अनंतकाळ वाचत राहतं. ‘किल केल्यावर माझाच प्रोग्राम हँग होतो’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच. गटाला मारलं तर नातूही जातो आणि गाठ सुटते.

निकालाचा आकडा वाचताना: सिग्नलने मेलेल्या पोराचा रिटर्नकोड पायथनमध्ये उणे येतो, उणे १५ किंवा उणे ९. शेलमध्ये तोच १२८ मिळवून दिसतो, १४३ किंवा १३७. पण सिग्नल पकडून स्वतःहून बाहेर पडलेली कमांड हवा तो आकडा देऊ शकते. एफएफएमपेग सिगटर्मवर नीट आवरून २५५ देतं. तेव्हा ‘शून्य नाही म्हणजे बिघाड’ असं ठोकळ न ठरवता, आपणच थांबवलं होतं का याची खूण कोडमध्ये वेगळी ठेवा.

आतापर्यंतचं सगळं एका फंक्शनमध्ये बसतं. आतला क्रम असा:

1. पोल करा, म्हणजे न थांबता स्थिती विचारा. पोर आधीच मेलेलं असेल तर थेट चौथ्या ओळीवर.
2. म्होरक्याला किंवा गटाला सिगटर्म, एकदाच.
3. वेट, मुदतीसह. टाइमआउटचं एक्सेप्शन पकडा.
4. गटाला सिगकिल. प्रोसेस-लुकअप-एरर गिळा.
5. वेट किंवा कम्युनिकेट पुन्हा, यावेळीही छोटी मुदत देऊन.
6. पाचव्या ओळीतही टाइमआउट आला तर लॉगमध्ये ओरडा आणि पीआयडी लिहा. मुकाट्याने पुढे जाऊ नका.

पाचव्या ओळीला मुदत का, ते पुढे येईल.

## टप्पा ६: डिस्कवरचा पसारा

आउटपुट कधीही शेवटच्या नावाने लिहवून घेऊ नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, रिटर्नकोड पाहा, मग नाव बदला. त्याच फाइलसिस्टमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं. मध्ये मारलं गेलं तर अर्धवट फाइल तात्पुरत्या नावानेच राहते आणि पुढच्या कोणाच्या हाती लागत नाही.

लॉक-फाइलींचा वेगळा उच्छाद असतो. लिबरऑफिसवरचं उदाहरण. वर्ड फाइलींच्या पीडीएफ करणाऱ्या एका सेवेत एखादी फाइल अडकली की आम्ही ‘सॉफिस’ला ९ मारायचो. आतली ‘सॉफिस डॉट बिन’ जिवंत राहायची. पुढची फाइल आली की नवीन कमांड त्याच युजर-प्रोफाइलवर आधीची प्रोसेस चालू आहे असं पाहून काम तिच्याकडेच सोपवायला जायची, म्हणजे त्या अडकलेल्या बाईकडेच. एक फाइल अडकली की दिवसभराच्या सगळ्या अडकत. उपाय दोन लागले: गटाला मारणं, आणि प्रत्येक रूपांतराला युजर-इन्स्टॉलेशन पर्यायाने वेगळं तात्पुरतं प्रोफाइल देऊन शेवटी ते फोल्डर पुसणं. डॉक्युमेंटशेजारी राहिलेली, टिंबाने सुरू होणारी लॉक-फाइलही पुसावी लागते. ती एलएस साध्या पद्धतीने दाखवत नाही.

## टप्पा ७: आपणच मेलो तर?

वेगळं सेशन दिल्याची किंमत इथे मोजावी लागते. कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनल सिगइंट फोरग्राउंड गटातल्या, म्हणजे टर्मिनलसमोर चालू असलेल्या गटातल्या, सगळ्यांना देतं. तुमचं पोर आता त्या गटात नाही. तुमचा प्रोग्राम थांबेल आणि पोर मागे चालत राहील. म्हणून टप्पा ५ मधलं फंक्शन फायनली ब्लॉकमध्ये बोलवा.

तेवढ्याने भागत नाही. पायथनला बाहेरून सिगटर्म आला तर तो मुळात जागच्या जागी मरतो, फायनली चालत नाही, ॲटएक्झिटही नाही. सुरुवातीलाच सिगटर्मसाठी हँडलर लावा आणि त्यात सिस-एक्झिट बोलवा. मग फायनली चालतं.

आणि कोणी तुम्हालाच ९ मारला तर कुठलाच कोड चालणार नाही. त्यासाठी जबाबदारी बाहेर द्यावी लागते. सिस्टमडीखाली चालवत असाल तर सर्व्हिस थांबताना ते सीग्रुपमधल्या (कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गठ्ठ्यातल्या) सगळ्यांना आवरतं, सेशन वेगळं असलं तरी. नसाल तर कमांडच्या आधी ‘सेटप्रिव्ह’ जोडून पीडेथसिग हा पर्याय देता येतो: पालक मेला की कर्नल पोराला सिग्नल देतो. पण इथे ‘पालक’ म्हणजे ज्या थ्रेडने पोर काढलं तो थ्रेड. थ्रेडपूलमधला कामगार थ्रेड संपला की धडधाकट पोर मरतं. हे नातवांनाही लागू होत नाही.

> तपासा: प्रोग्राम चालू असताना एकदा कंट्रोल-सी, एकदा बाहेरून किल १५, एकदा किल ९ देऊन पाहा. प्रत्येक वेळी पीग्रेपने कमांडचं नाव शोधा. शेवटच्या प्रयोगात काय उरतं ते तरी निदान माहीत असू द्या.

## ९ मारूनही मरत नसेल तर

स्टॅट रकाना वाचा, अंदाज नको.

‘डी’ असेल तर प्रोसेस कर्नलच्या आत डिस्क किंवा नेटवर्क-ड्राइव्हची वाट पाहत आहे, बऱ्याचदा एनएफएसचा सर्व्हर गायब झालेला असतो. सिगकिल नोंदला जातो, पण ते काम सुटेपर्यंत लागू होत नाही. मुदतीशिवाय वेट केलं तर तुमचा प्रोग्रामही तिच्यासोबत अडकतो. पाचव्या ओळीला मुदत त्यासाठीच.

‘झेड’ असेल तर ती मेलेलीच आहे, तुमचं वेट चुकलं आहे. कंटेनरमध्ये तुमचा प्रोग्राम पीआयडी १ म्हणून चालत असेल तर अनाथ नातवंडंही त्याच्याच गळ्यात पडतात आणि तो त्यांना उचलत नाही. डॉकर रनला इनिट पर्याय द्या, म्हणजे एक छोटा इनिट ते काम करतो. पीआयडी १ ची आणखी एक खोड: हँडलर लावला नसेल तर सिगटर्म त्याच्यावर काहीच परिणाम करत नाही. डॉकर स्टॉपला नेमके दहा सेकंद लागत असतील तर हेच कारण समजा.

परमिशन-एरर आला तर पोर दुसऱ्या युजरच्या नावाने, बहुधा सुडोने, चालू आहे. साध्या युजरला रूटची प्रोसेस मारता येत नाही. अशा वेळी सुडोच्या आतच ‘टाइमआउट’ कमांड ठेवा. ती रूटच्याच अधिकाराने मारते. तिला किल-आफ्टर पर्याय दिला तर आधी सिगटर्म आणि थोड्या वेळाने सिगकिल, असा आपला सगळा क्रम ती स्वतः पाळते. मुदत संपून सिगटर्मवर काम भागलं तर १२४ परतवते. छोट्या स्क्रिप्टसाठी मी कोड लिहीतच नाही, हीच वापरतो.

आणि गटाला मारूनही एखादी प्रोसेस उरली, तर तिने स्वतःच सेटसिड करून वेगळा संसार थाटला आहे. गटाने ती सापडणार नाही. तिच्यासाठी सीग्रुप लागतो. सिस्टमडी-रनने कमांड चालवा, किंवा लिनक्स ५.१४ पासून सीग्रुपच्या फोल्डरमधल्या ‘सीग्रुप डॉट किल’ फाइलीत १ लिहा. आतली सगळी झाडं एकदम जातात.

## विंडोज आणि इतर भाषा, धावत धावत

विंडोजवर पॉपेनचं टर्मिनेट आणि किल एकच आहे, दोन्ही सिगकिलसारखी. विनंती करायची असेल तर पोराला नव्या प्रोसेस-गटासह सुरू करून कंट्रोल-ब्रेक इव्हेंट पाठवावा लागतो. झाड तोडायला टास्ककिलचे ‘टी’ आणि ‘एफ’ पर्याय, किंवा पक्कं काम हवं तर जॉब ऑब्जेक्ट.

असिंकआयओमध्ये वेट-फॉरचा टाइमआउट झाला की रद्द होतं ते फक्त वाट पाहणं. प्रोसेस मजेत चालू असते, तिला वेगळं मारून वेगळं अवेट करावं लागतं. नोडमध्ये चाइल्डचं ‘किल्ड’ ट्रू झालं म्हणजे सिग्नल पोचता झाला, पोर मेलं असं नव्हे. एक्झिट इव्हेंट येईपर्यंत थांबा. गोमध्ये कमांड-कॉन्टेक्स्ट फक्त थेट पोराला मारतो. नातवाने पाइप धरून ठेवल्यावर वेट अडकू नये म्हणून १.२० पासून वेट-डिले आहे. जावा ९ पासून प्रोसेस-हँडलकडून सगळी वंशावळ मागता येते, पण ती मागून झाल्यावर मारेपर्यंत जन्मलेली पोरं तिच्यात नसतात.

## शेवटची चाचणी

हट्टी स्क्रिप्ट शंभर वेळा सुरू करा आणि शंभर वेळा तुमच्या फंक्शनने मारा. त्यानंतर, प्रोग्राम चालू असतानाच, तीन गोष्टी मोजा: ‘स्लीप १०००’ नावाच्या प्रोसेस, ‘झेड’ स्थितीतल्या प्रोसेस, आणि तुमच्या प्रोग्रामच्या प्रॉक फोल्डरमधल्या एफडी यादीतल्या उघड्या फाइली. पहिले दोन आकडे शून्य हवेत. तिसरा चाचणीपूर्वी होता तेवढाच हवा. तो शंभर किंवा दोनशेने वाढला असेल तर मारणं बरोबर झालं, पण पाइपचं किंवा लॉग-फाइलचं आपल्याकडचं टोक बंद करायचं राहून गेलं आहे.